उतार कुणी केला

भांडण वरच्या खोलीत चाललं होतं आणि आत्या खाली, खिडकीच्या बरोब्बर खाली, गवताच्या पेंढ्या बांधत बसली होती. चोरून ऐकण्यातली ती नव्हती. पण खिडकी उघडी, आवाज चढलेले, आणि कानांना काही कडी लावता येत नाही.

"त्या बाईला एकदा तरी पुस्तकाच्या पानात घ्या हो," लेखकाची बायको म्हणत होती.

"ती मधे येते," लेखक म्हणाला. "समोरच्या उतारावर माणूस दिसलं की उतार लहान होतो. मला तो मोकळा लागतो."

"मोकळा लागतो. आणि मोकळा करतं कोण?"

"निसर्ग."

"असं का. मग निसर्ग आत्ता खाली बसून पेंढ्या बांधतोय. हाक मारा, चहा तरी देऊ त्याला."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बायकोच जरा उतरत्या आवाजात म्हणाली, "इथं आलात तेव्हा तुमची वाक्यं ही एवढी लांब असायची. वाचणाऱ्याला धाप लागायची. हा उतार बघून बघून ती आखूड झाली, एका दमात चढून जावं एवढी. लोक त्यालाच नावाजतात. हे सगळं त्या उतारानं केलं, असं तुम्हीच येईल-जाईल त्याला सांगता. मग उतार कुणी केला, तेही सांगा की."

"तुला लिहिण्यातलं कळत नाही."

"नसेल कळत. धुण्यातलं कळतं. तो सदरा काढून द्या आधी."

खाली आत्यानं पेंढीचा बंध इतका आवळला की तो तुटलाच. मधे येते म्हणे. तिची आई त्या उतारावर गवत कापायची, आईची आई कापायची, आणि हा काल आलेला भाडेकरू म्हणतो, मधे येते.

घर आत्याच्या भावाचं. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा गेला, तेव्हा ती एक पत्र्याची पेटी आणि विळा घेऊन भावाकडे परत आली, ती कायमची. भावाची मुलगी तिला आत्या म्हणे, म्हणून शेजारपाजार आत्या म्हणू लागला, आणि हळूहळू दुकानदार, टपालवाला, तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा आत्याच म्हणू लागली. शाळा तिनं दुसरीत सोडली होती. अक्षरं ओळखीची होती, पण बोलण्याचालण्याइतका घरोबा नव्हता. लेखकानं वरची खोली खोकल्यासाठी हवापालट म्हणून महिनाभर घेतली होती. खोकला गेला, लेखक राहिला. एकोणीस वर्षं राहिला.

खिडकीतून समोर उतार दिसायचा. घरामागचा ओढा ओलांडला की सुरू व्हायचा तो थेट वरच्या खडकापर्यंत, उघडा, गवताळ, वाऱ्यानं हलणारा. तो एकट्या कुणाचा नव्हता, म्हणजे सगळ्यांचा होता, म्हणजे काम मात्र आत्याचं होतं. गवत गोठ्यातल्या दोन गाईंना आणि शेजारच्या गाईंना.

कापण्याचीही एक रीत होती. गवत वाळायला लागलं की आत्या वर जायची, एक तुरा तोडून तळहातावर चोळायची. बिया सुटून हातात आल्या नाहीत, तर तशीच खाली परत. चार-चार, पाच-पाच खेपा व्हायच्या. बी जमिनीवर पडल्याशिवाय विळा लावायचा नाही, नाहीतर पुढच्या वर्षी काय उगवणार, तिचं कपाळ? आणि कापायचं ते खालून वर. शिवाय टिटवीनं कुठं अंडी घातली असली, तर तिथं खाटेएवढी जागा न कापता सोडायची. टिटवी भुईवरच अंडी घालते, पायाखाली, विळ्याखाली आली की संपलं. म्हणून कापणीनंतर सगळा उतार पिवळा, बोडका व्हायचा आणि मधे मधे उंच गवताची पाच-सहा बेटं उभी राहायची.

भांडण ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्यानं पदर खोचला आणि बरोबर लेखकाच्या खिडकीसमोरच कापायला सुरुवात केली. एका दिवसाची पट्टी तिनं तीन दिवस पुरवली. चार मुठी कापायच्या, कंबरेवर हात ठेवून उभं राहायचं, खिडकीकडे बघायचं, पुन्हा चार मुठी. पहिल्या दिवशी लेखकानं खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी उघडली. तिसऱ्या दिवशी चपला घालून स्वतःच ओढ्यापर्यंत आला.

"आत्या, आधी वरून कापत या ना," तो म्हणाला. "म्हणजे हा खालचा भाग चार दिवस तरी..."

"वरून कापत आलं की कापलेल्या गवतावरून पाय घसरतो," आत्या म्हणाली. "तुमच्या पुस्तकात कुणी घसरत नसेल. इथं घसरतात."

"बरं, मग लवकर तरी आटपा."

"का? मी मधे येते का?"

लेखकाचा चेहरा पडला. वर खिडकीत त्याची बायको हसू दाबत उभी होती.

एवढ्यानं माणूस सुधारेल असं कुणाला वाटलं असेल, तर ते लेखकांना ओळखत नाहीत. एकामागून एक सहा पुस्तकं झाली आणि सहाही पुस्तकांत तो उतार होता. त्यातले लोक एकमेकांचे खून करायचे तर उताराच्या पायथ्याशी, प्रेमात पडायचे तर उतारावर, म्हातारे होऊन मरायचे तर उताराकडे बघत. विळा कुठं नाही. गाय एकदा आली, तीही लांबून. एक उतारा शाळेच्या पुस्तकातही लागला. भाचीनं तो घरी मोठ्यानं वाचून दाखवला: 'आणि त्या पिवळ्या विस्तारात गवताची बेटं उभी असतात. ती तिथं कुणी ठेवली, ते एका सृष्टीला ठाऊक.'

"सृष्टी कोण गं?" आत्यानं विचारलं. "आपल्या गल्लीत तर कुणी नाही."

"आत्या, तुझीच बेटं आहेत ना ही?"

"माझी कशी असतील? छापलंय ना तिचं नाव."

भाचीला हसू आवरेना. आत्या मात्र हसत नव्हती. त्या टिटव्यांसाठी ती पायांत काटे मोडून घेत होती, आणि श्रेय कुणाला, तर सृष्टीला.

लेखकाच्या शेवटच्या आजारात आत्या एकदा त्याच्यासाठी दूध घेऊन वर गेली. त्यानं खिडकी उघडायला सांगितली, बराच वेळ बाहेर बघितलं आणि म्हणाला, "आत्या, तुमच्याबद्दल लिहायचं राहिलं."

"राहू द्या. आता दम पुरायचा नाही तुम्हाला. दूध प्या."

तो दूध प्यायला. म्हणून आत्यानं त्याला माफ केलं, असं मात्र कुणी समजू नये. ती फक्त आजारी माणसाशी भांडत नसे.

तो गेला, बायको बहिणीकडे राहायला निघून गेली, आणि मग समिती आली.

समितीत सात माणसं होती, पण बोलायचे एकटे चिटणीस. शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले, खिशाला दोन पेनं, आणि लेखकाची सहाही पुस्तकं तोंडपाठ. त्यांनी वरची खोली आत्याच्या भावाकडून मागून घेतली. टेबलाभोवती दोरी बांधली, चष्मा काचेच्या पेटीत ठेवला, आणि आत्याच्या भाचीलाच खोली झाडायला, उघडायला, बंद करायला नेमलं. इथवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग एके सकाळी उताराच्या पायथ्याशी तारेचं कुंपण आलं, कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप, आणि फाटकावर पाटी. आत्यानं पाटी बोट लावून, एकेक अक्षर जुळवून वाचली. 'लेखकाने पाहिलेला उतार जसाच्या तसा जतन केला आहे. गवत कापण्यास, तोडण्यास सक्त मनाई.'

ती तशीच विळा हातात घेऊन चिटणिसांच्या दारात गेली.

"आत्या, रागावू नका," चिटणीस म्हणाले. "आयुष्यभर कष्ट केलेत. आता विश्रांती घ्या."

"मी विश्रांती मागितली होती का?"

"गाईंना चारा दुसरीकडून देण्याची व्यवस्था समिती करेल."

"गाईंचं राहू द्या. उताराचं काय?"

"त्याला आता कुणी हात लावणार नाही. तो अगदी तसाच राहील."

"हात नाही लावला तर तसा कसा राहील?"

चिटणीस कनवाळूपणे हसले. हे हसणं आत्याला आयुष्यात कुणी कुणी दाखवलं होतं: तलाठी, डॉक्टर, शाळेच्या बाई. अंगाचा तिळपापड होतो त्या हसण्यानं. दोन शिव्या दिलेल्या परवडतात.

पहिल्या वर्षी गवत उभंच्या उभं वाळलं आणि आडवं पडलं. जुन्या ओल्या गोधडीसारखं सगळ्या उतारावर पसरून राहिलं, खालच्या नव्या कोंबाला डोकं वर काढायला जागा नाही. दुसऱ्या वर्षी त्यातून काटेरी झुडपं आली. तिसऱ्या वर्षी झुडपांच्या आडोशानं रोपटी वाढली, माणसाच्या खांद्याएवढी. टिटव्यांनी तिसऱ्या वर्षी तोंडसुद्धा दाखवलं नाही. त्यांना चारी बाजूंचं दिसेल अशी उघडी जागा लागते, झुडपांत त्या कशाला संसार मांडतील? आणि लेखकाच्या खिडकीतून काय दिसू लागलं? हिरवं गचपण, आणि त्याच्या वर खडकाचं टोक, बोटाच्या पेराएवढं.

लांबून लांबून माणसं यायची. पुस्तक हातात धरून खिडकीशी उभी राहायची, एकदा पुस्तकात बघायची, एकदा बाहेर. मग भाचीला विचारायची, "बाई, तो उतार कुठला?"

"हाच," भाची म्हणायची.

"हा?"

आता शहाण्या माणसांनी काय करावं? समितीनं एक जुना फोटो शोधला, छापखान्यातून खिडकीएवढा मोठा करून आणला आणि खिडकीत लावला. खिडकी बंद, तिच्या आतून फोटो. पिवळा उतार, गवताची बेटं, मोकळं आभाळ. रोज सकाळी भाची त्यावरची धूळ पुसायची. एका म्हाताऱ्या वाचकानं विचारलं, "खरा उतार कुठं आहे?" तर ती म्हणाली, "फोटोच्या मागं." तिला त्याबद्दल समज देण्यात आली.

आत्याला हे कळलं त्या दिवशी ती जेवली नाही. भाचीनं किती विनवलं. शेवटी आत्या म्हणाली, "माझ्यानंतर कापलं नसतं तर मी समजले असते. मी जिवंत आहे, हातपाय धड आहेत, विळा खुंटीला आहे, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते मारतायत त्याला. बैठक कधी आहे त्यांची?"

"रविवारी. खोलीतच. पण तुला बोलावलं नाहीये, आत्या."

"माझ्याच भावाच्या घरात मला बोलवणं लागतं होय?"

रविवारी सातही जण दोरीच्या अलीकडे खुर्च्या मांडून बसले होते. भाची चहाचे पेले ठेवत होती. आत्या आली ती हातात एक ओझं घेऊन, आणि ते तिनं सरळ चिटणिसांच्या वहीवर ठेवलं. कुजलेलं, काळं पडलेलं, दमट वासाचं गवत. त्यातून एक किडा निघाला आणि मागच्या बैठकीच्या वृत्तांतावरून चालत गेला.

"हे काय आहे?" चिटणिसांनी रुमाल नाकाला लावला.

"जतन," आत्या म्हणाली. "तुमचं."

एक-दोघं खोकले. चिटणिसांनी वही झटकली. "आत्या, तुमच्या भावना आम्ही समजतो. पण लेखकानं हा उतार निसर्गाची निर्मिती म्हणून पाहिला. सहाही पुस्तकांत कापणीचा एक शब्द दाखवा. एक शब्द. हे पाहा, मी वाचून दाखवतो." आणि त्यांनी पुस्तकसुद्धा न उघडता म्हणायला सुरुवात केली, "आणि त्या पिवळ्या विस्तारात गवताची बेटं उभी असतात. ती तिथं कुणी ठेवली, ते..."

"मी ठेवली," आत्या म्हणाली.

"काय?"

"बेटं मी ठेवली. टिटवीसाठी. तुमच्या माणसानं विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, मी काय लपून बसले होते? एकोणीस वर्षं त्याच्या नाकासमोर होते."

"याला पुरावा काय?"

आत्या खिडकीशी गेली आणि फोटोवर बोट ठेवलं. "ह्या रेघा दिसतात? फणी फिरवल्यासारख्या, खालून वर गेलेल्या? गवत आपण होऊन रांगेत वाळतं का हो? एक रेघ म्हणजे माझा एक फेरा. ही तिसरी वाकडी आहे बघा. त्या वर्षी खांदा धरला होता."

सगळे उठून फोटोजवळ आले. इतके दिवस त्यांनी त्याच फोटोसमोर पाहुणे उभे केले होते. रेघा कुणी पाहिल्या नव्हत्या. आता एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

तेवढ्यात भाचीनं चहाची थाळी खाली ठेवली. नोकरी तिची होती, घरात दोन मुलं होती. तरी ती बोलली. "मूळ फोटो कपाटात आहे. त्यात डाव्या बाजूला आत्या आहे, विळ्यासकट. पाठीमागं पेंढ्या आहेत. मोठा करताना तेवढी बाजू कापून घेतली."

"कुणी?" कुणीतरी विचारलं.

चिटणीस पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते.

"चौकट मोकळी हवी होती," ते शेवटी म्हणाले. "लेखकाची दृष्टी तशी होती."

"लेखकाला जे दिसलं नाही ते तुम्हाला फोटोत दिसलं," आत्या म्हणाली, "आणि तुम्ही ते कापलंत. मग तुमचा विळा चालतो आणि माझ्यावर पाटी का?"

कुणाला वाटेल, आता तरी सातही जणांनी कान धरले असतील. छे. चिटणिसांनी विषय पुढच्या बैठकीकडे सोपवला. पुढच्या बैठकीत ठरलं की वर्षातून एक दिवस आत्यानं पाहुण्यांसमोर जुन्या पद्धतीच्या कापणीचं प्रात्यक्षिक करून दाखवावं, साधारण दोन खाटांएवढ्या जागेत, समितीनं घेऊन दिलेली साडी नेसून. हा निरोप घेऊन चिटणीस स्वतः आले. आत्या गोठ्यात शेण भरत होती.

"साडी मला आहे," ती म्हणाली. "आणि मी काय अस्वल आहे?"

एवढंच. ती शेणाची पाटी जरा जोरात भरू लागली, आणि चिटणीस दोन पावलं मागं सरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला कुलूप नव्हतं. किल्ली भाचीकडेच असायची. आत्या, भाची आणि शेजारच्या दोघी वर गेल्या. कुणी परवानगी दिली नाही, कुणी अडवलंही नाही. सातही जण मूग गिळून बसले. झुडपं मुळासकट उपटायची, रोपटी काढायची, कुजलेलं गवत ओढून खाली आणायचं. आत्याचे हात कोपरापर्यंत ओरखडले. पहिल्या वर्षी खालची एक पट्टी मोकळी झाली, दुसऱ्या वर्षी निम्मा उतार, तिसऱ्या वर्षी खडकापर्यंत. चौथ्या वर्षी टिटवी ओरडली, तेव्हा आत्या विळा टाकून मटकन खालीच बसली आणि भाचीला म्हणाली, काही नाही, कंबर धरली. खिडकीतला फोटो निघाला, खिडकी उघडली.

त्या वर्षी समितीचं पत्रक निघालं, गुळगुळीत कागदावर. 'समितीच्या अथक प्रयत्नांनी उतारास पूर्वीचे रूप प्राप्त.' आत्याचं नाव नाही. भाचीचंही नाही. भाची फाडायला निघाली होती. आत्या म्हणाली, "ठेव. कागद जाड आहे, दुधाच्या पातेल्यावर झाकायला होईल."

म्हणायला तिनं तसं म्हटलं. पण पुढचे दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही, आणि गाईंवर उगीचच खेकसली.

त्यानंतर ती आणखी सात कापण्या जगली. आठव्या कापणीला ती नव्हती, विळा भाचीच्या हातात होता, आणि पट्टी खालून वर जात होती. पण त्याही वर्षी तुरा चोळून बघायचं काम आत्यानंच केलं होतं, नेहमीसारखं. त्या साली समितीनं बाहेरचे कुणी मोठे पाहुणे बोलावले होते, आणि कापणीची तारीखच पत्रकात छापून टाकली होती, गवताला न विचारता. तारखेच्या आदल्या सकाळी आत्या काठी घेऊन वर गेली. आताशा तिला तिथवर जायला दुप्पट वेळ लागायचा, दोन ठिकाणी बसावं लागायचं. खाली फाटकाशी चिटणीस उभे होते, तेही आता काठीवर.

आत्यानं तुरा तोडला. तळहातावर चोळला. फुंकर मारून पाहिलं. बाजूच्या भागातला दुसरा तोडला, तोही चोळला. मग सावकाश खाली आली.

"उद्या ना?" चिटणिसांनी विचारलं. "पाहुणे निघालेत."

"अजून हिरवं आहे. आठ दिवस."

"आत्या, छापलंय हो."

"मग छापलेलं कापा," आत्या म्हणाली, फाटक लावून घेतलं, आणि गाईंना पाणी दाखवायची वेळ झाली होती म्हणून घराकडे वळली.